अनारसे घरीच ठेवा

प्रश्न : मुलगा दुबईला नोकरीला आहे. दिवाळीला आम्ही दोघं महिनाभर त्याच्याकडे जातोय. विमानात पहिल्यांदाच बसणार. फराळ, काळा मसाला, बिबडे आणि यजमानांची औषधं न्यायची आहेत. तिकडचे कायदे फार कडक म्हणतात. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, फराळ न्या, पण अनारसे नेऊ नका. अनारसा खसखशीवर थापतात आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. ती अफूच्या बोंडातली, म्हणून तिथे तिची गणती अमली पदार्थांत. आपल्याकडे किराणा दुकानात पुडीने मिळते, पण तिथल्या कस्टमवाल्यांपुढे ‘घरचा फराळ आहे हो’ म्हणून भागत नाही. काळ्या मसाल्याचंही तेच. दळल्यावर खसखस डोळ्याला दिसत नाही, घातली होती का ते तुम्हालाच आठवायला हवं. मुलासाठी थोडा मसाला वेगळा कुटा, खोबरं नि तीळ जरा वाढवा. शेवभाजी तशीच झणझणीत होते. बिबड्यांत नुसते तीळच आहेत ना, तेही बघा.

जळगावहून मी बरीच वर्षं माणसं दुबईला नेली. निघण्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांना सतरंजीवर बॅगा उघडायला लावायचे. एका मावशींच्या डब्यात रव्याच्या लाडवांखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले सोळा अनारसे निघाले. तिकडे लेकीला डोहाळे लागले होते. मावशी रडायलाच लागल्या. माझाही जीव तुटला, पण ते अनारसे मी त्यांच्या घरी परत पाठवले. आजही तेच करीन.

औषधांत गुडघेदुखीच्या आणि खोकल्याच्या औषधांकडे नीट बघा. ट्रामाडॉल किंवा कोडीन असेल तर तिथल्या सरकारची परवानगी आधी घ्यावी लागते. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या, औषधाच्या मूळ नावासकट. मेडिकलवाला गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून देतो आणि नाव उरलेल्या तुकड्यावर राहून जातं. तुम्ही अख्खी पट्टी खोक्यासकट मागा. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेत.

तुम्ही जाणार हे कळलं की गल्लीतलं कुणीतरी येईलच, ‘आमच्या पोराला एवढी पुडी द्या’ म्हणत. हात जोडून नाही म्हणा. बॅगेवर चिठ्ठी तुमच्या नावाची असते, सापडलं तर जाब तुम्हालाच विचारतील. वाईटपणा येतो, मला माहीत आहे. तरीही.

बाजारात अनोळखी माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, तो तिथे गुन्हा आहे.

मुंबईच्या गाडीत पासपोर्ट उशाखालच्या पर्समध्ये ठेवू नका, यजमानांच्या बंडीच्या आतल्या खिशात ठेवा. एक झेरॉक्स घरी, एक बॅगेत. तिकडे हरवलाच तर आधी पोलिसांत नोंद, मग दुबईतला भारताचा वाणिज्य दूतावास. तिथे तातडीचं प्रमाणपत्र मिळतं, पण त्यावर फक्त भारतात परत येता येतं. पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९८. हे आकडे आणि मुलाचा पत्ता मोबाइलवर विसंबून न राहता कागदावर लिहा, आणि दोघांच्या खिशात एकेक कागद ठेवा.