जायचं कुठं आहे, ते आधी ठरव

पोरा,

काल भरत नाट्य मंदिराबाहेर तू विचारलंस, "काका, सिनेमातल्या गर्दीत आठ तास उभा होतो आणि पडद्यावर नुसता खांदा दिसला. ह्याला अभिनय म्हणायचं का?" तेव्हा मी गप्प बसलो. रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

तो खांदा कुठं निघाला होता, सांग बरं. माहीत नव्हतं ना? असिस्टंट "पासिंग दे" म्हणाला, म्हणजे कॅमेऱ्यासमोरून चालत जा, आणि तू डावीकडून उजवीकडे गेलास. रस्त्यानं असं कोण जातं रे? लक्ष्मी रोडवर उभा राहून बघ. औषध आणायला निघालेला वेगळा चालतो, पीएमटी चुकलेला वेगळा. जायचं कुठं आहे ते ठरव, मग पाय उचल.

माझं पहिलं पासिंग लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, एका विद्यार्थ्याच्या डिप्लोमा फिल्मसाठी. १९३३ साली कोल्हापूरहून आलेल्या 'प्रभात'चा स्टुडिओ होता ना, तीच जागा. शॉटच्या आधी त्या मुलानं विचारलं, "कुठून येताय, कुठं चाललाय?" पुढच्या बत्तीस वर्षांत दुसऱ्या कुणी हे विचारलं नाही. मी स्वतःला रोज विचारत आलो.

पिशवी कुठल्या हातात, कुठल्या शब्दावर निघायचं, हे मास्टर शॉटला, म्हणजे अख्खा सीन लांबून घेताना, केलंस तेच जवळून घेतलेल्या क्लोजला. हॉटेलच्या सीनमध्ये नुसते ओठ हलवायचे, पण तेव्हाही खरंच काहीतरी बोल. मी समोरच्या बाईंशी मुलीच्या फीबद्दल बोलायचो, बिनआवाजी.

एकदाच चुकलो. बाजाराचा सीन होता. आईला दिसावं म्हणून मान कॅमेऱ्याकडे वळवली. टेक फुकट गेला, पुढच्या टेकला मला खांबाआड उभं केलं. थिएटरात आई शेवटपर्यंत मला शोधत होती. मी त्या बाजारात नव्हतोच रे; मनानं आधीच तिच्या शेजारी जाऊन बसलो होतो. आई गेली, ते राहूनच गेलं.

भाऊ अजून म्हणतो, कारखान्यातली नोकरी सोडून जन्म गर्दीत घालवलास. घालवला नाही. माणसं नसती तर तो बाजार वाटला असता का? हे काम मी केलंय, नीट केलंय. पैसे दोन-दोन महिने अडकायचे, म्हणून रात्री दुकानाचे हिशेब लिहिले. तूही हातातलं दुसरं काम सोडू नकोस. पण "नुसता खांदा" पुन्हा म्हणू नकोस माझ्यासमोर.

गुरुवारी भोरच्या राजवाड्यात शूटिंग आहे. पहाटे पाचला स्वारगेटला ये. आवाज न करणाऱ्या चपला घाल. आणि कुठं चाललायस, ते एसटीत बसायच्या आधी मला सांग.

तुझा,
काका