आम्ल जमिनीत ॲल्युमिनियममुळे मुळं खुरटतात, मग गव्हाच्या काही जाती तग कशा धरतात?

त्या जातींच्या मुळांची टोकं मॅलिक आम्ल बाहेर सोडतात. ते ॲल्युमिनियमला मातीतच बांधून टाकतं. जमिनीचा सामू (pH, आम्लतेचं माप) ५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळतं आणि पहिला घाव बसतो तो टोकाच्या जेमतेम काही मिलिमीटर भागावर, कारण मूळ वाढतं ते तिथूनच. हे आम्ल बाहेर सोडणारं गव्हातलं जनुक २००४ मध्ये ओळखलं गेलं. (मका, ज्वारी सायट्रिक आम्लावर भागवतात.) मात्र ही युक्ती सगळ्याच धातूंवर चालत नाही. विषारी कॅडमियम भाताच्या मुळांत मँगनीज या पोषक द्रव्याच्याच वाटेने शिरतं. थोडं मुळांतल्या पेशींच्या रिक्तिकांत (साठवणीच्या पिशव्यांत) कोंडलं जातं, उरलेलं दाण्यापर्यंत पोचतं, तेही पीक वरून धडधाकट दिसत असताना.