तिसऱ्यांदा ‘आम्ही’ नीट देणार?

प्रश्न: मुलीची बारावी झाली. नीटचे दोन प्रयत्न झाले, थोडक्यात हुकलं. आता आम्ही लातूरला राहून तिसऱ्यांदा तयारी करणार आहोत. तिच्या डोक्यात प्रकाशाने काम करणारं कॅन्सरचं औषध बनवायचं खूळ आहे. त्यासाठी आधी डॉक्टर व्हावंच लागेल ना? तिला समजवा. – एक पालक

उत्तर: तुमच्या पत्रात ‘आम्हाला फिजिक्स जड गेलं’, ‘आमचे मार्क कमी पडले’ असं आहे. साहेब, परीक्षेच्या गेटवर तुम्हाला बाहेरच थांबवलं होतं. आत ती एकटी होती. दोन वर्षांची फी आणि खोलीभाडं वाया जाऊ नये, हेही तुम्ही लिहिलंय. ते पैसे गेले. आणखी एक वर्ष घालून ते परत येत नाहीत, वर्ष मात्र तिचं जातं. तिला मी समजावणार नाही.

डॉक्टर व्हावंच लागेल, हा गैरसमज आहे. प्रकाशाने कॅन्सर मारायच्या या उपचाराला आजचं रूप देणारे अमेरिकेतल्या बफेलोचे थॉमस डॉहर्टी केमिस्ट होते, डॉक्टर नव्हेत. त्यांच्या कामातून आलेल्या फोटोफ्रिन या औषधाला कॅनडात १९९३ साली परवानगी मिळाली. हे औषध शिरेतून देतात. ते गाठीत साचतं आणि गप्प बसतं. लाल प्रकाश पडला की शेजारच्या ऑक्सिजनला चेतवतं, आणि तो ऑक्सिजन पेशी मारतो. याच कुळातली द्रव्यं निळ्या प्रकाशात लाल चमकतात, म्हणून मूत्राशयातला साध्या दिव्यात नजरेतून सुटणारा कॅन्सर सापडतो. अडचणीही आहेत. प्रकाश मांसात जेमतेम काही मिलिमीटर शिरतो, त्यामुळे खोल गाठीला तो पोचत नाही. फोटोफ्रिन कातडीतही रेंगाळतं, पेशंटला किमान महिनाभर उन्हापासून जपावं लागतं. शरीरातून लवकर निघून जाईल आणि जास्त खोल जाणाऱ्या प्रकाशावर चालेल असा रेणू बांधायचा, हे केमिस्टचं काम. एमबीबीएसला ते शिकवत नाहीत.

वाटा ठरलेल्याच: आयसर या सरकारी विज्ञानसंस्थांसाठी आयएटी ही प्रवेशपरीक्षा (बारावीच्या वर्षाची अट तपासा), माटुंग्याच्या आयसीटी या रसायन-तंत्रज्ञानाच्या संस्थेत बी.फार्म., नाहीतर चांगल्या कॉलेजात केमिस्ट्रीची बी.एस्सी. आणि पुढे एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेशपरीक्षा. पीएच.डी. धरून दहाएक वर्षं लागतील. तोवर डॉक्टर झालेल्या मैत्रिणी गाड्या घेतील आणि तिचा रेणू कदाचित उंदरांवरच्या चाचण्यांच्या पुढे जाणारही नाही. हे तिला स्पष्ट सांगा.

सांगायच्या आधी एक करा. पालकभाजीची चार पानं ठेचून स्पिरिटमध्ये भिजवा (गॅसपासून लांब) आणि गाळून घ्या. स्पिरिट हिरवंगार दिसेल. दिवे मालवून नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च त्यावर मारा, ते रक्तासारखं लाल होईल. पानातलं हरितद्रव्य या औषधांचं लांबचं भावंड आहे. लाल का झालं, ते तिला विचारा आणि ती सांगेल ते मधे न बोलता ऐका.