रेडिएशननंतरचा विसर आणि घरातली रोजची परीक्षा

“मेंदूला रेडिएशन दिलंय, आता ह्यांचं डोकं पहिल्यासारखं चालंल का?” हा प्रश्न कोल्हापुरातील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्यांदा विचारला जातो की, एका घराच्या निमित्ताने, ओळख पटेल असे तपशील बदलून, त्याचे उत्तर लिहीत आहे.

शाहूपुरीत गुळाची अडत करणारे हे गृहस्थ पूर्वी सौद्यातल्या बोली तोंडपाठ ठेवीत. उपचारानंतर मात्र दोघे एकदम बोलू लागले की त्यांना काही उमजेना. पत्नी काळजीपोटी रोज विचारी, “आज वार कुठला? काल भाजी काय होती?” माझ्यासमोरही तिने तेच विचारले, तेव्हा ते भिंतीकडे पाहत राहिले.

“आठवत नाही का?” मी विचारले.

“आठवतंय की. पण चुकलं तर ही रडतीया, मॅडम. त्यापेक्षा गप्प बसल्यालं बरं.”

पत्नी हे प्रथमच ऐकत होती. विसरण्यापेक्षाही सारे पूर्वीसारखेच झाले पाहिजे या हट्टाने ते घर अधिक खचले होते. हा हट्ट सुटला की माणूस उरलेल्या बळावर कामाला लागतो, हे माझे जुने मत येथेही खरे ठरले. परीक्षा थांबली. सकाळी टीव्ही बंद ठेवून, एका वेळी एकाच शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, शेजारी वही, आणि दुपारी ठरलेली विश्रांती असा क्रम बसला. काही आठवड्यांनी त्यांनी मुलाची तोलाईतील चूक पकडली, तेव्हा मला मनापासून समाधान वाटले.

रेडिएशननंतर विचारांचा वेग, एकाग्रता आणि नवे लक्षात ठेवणे मंदावू शकते. सुरुवातीचा थकवा बहुधा ओसरतो, पण काही परिणाम महिन्यांनी, वर्षांनीही दिसतात, म्हणून खात्री कोणी देऊ नये. मात्र थायरॉईड व पिट्युटरी या ग्रंथींची संप्रेरके, फिटची औषधे, स्टिरॉइड, झोप आणि नैराश्य हे सारे तपासून घ्यावे, कारण यांतील बरेच सुधारता येते. संपूर्ण मेंदूचे रेडिएशन अजून व्हायचे असल्यास स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग वाचवणारी पद्धत आणि मेमँटीन हे औषध आपल्याला लागू पडेल का, असे डॉक्टरांना अवश्य विचारावे. नवी डोकेदुखी, उलट्या, फिट किंवा अचानक गोंधळ दिसल्यास समुपदेशकाची वेळ घेत न बसता रुग्णालय गाठावे.

दुचाकी चालवावी का, हा प्रश्न पुरुष हमखास काढतात. त्याचे उत्तर डॉक्टरांनीच द्यायचे असते, आणि तोवर किल्ली घरच्यांकडे असावी.