हवा, हवामान की पाऊसपाणी?

प्रश्न असा आला आहे : 'नाशिकचे आम्ही काही चित्रकार मिळून प्रदर्शन भरवतो आहोत. गोदावरीचे पूर, द्राक्षबागांवरची गारपीट, निफाडची थंडी असे विषय आहेत. फलकावर वेदर या अर्थी हवामान लिहिलं, पण ते सरकारी वाटतं. दुसरा शब्द आहे का?'

तुम्हाला तो शब्द खटकला, हे योग्यच झालं. 'हवामान'मधली हवा अरबी-फारसीतून आली आणि 'मान' संस्कृतातून. मान म्हणजे माप. तापमान, पर्जन्यमान, राहणीमान या सगळ्यांत तेच माप बसलेलं आहे. पाऊस मोजणाऱ्याला तो शब्द शोभतो. पावसात सापडलेला माणूस तो वापरत नाही.

शाळेच्या भूगोलात आपण एक भेद शिकलो होतो. एखाद्या ठिकाणची त्या वेळची स्थिती म्हणजे हवा आणि अनेक वर्षांची सरासरी म्हणजे हवामान. त्या हिशेबानं वेदर म्हणजे हवा, क्लायमेट म्हणजे हवामान. वर्तमानपत्रात मात्र 'हवामान अंदाज' उद्याचा असतो आणि 'हवामान बदल' कित्येक दशकांचा, त्यामुळे एकाच शब्दाला दोन्ही ओझी वाहावी लागतात. बोलण्यात भूगोलाचाच भेद टिकून आहे, याचा मला फार आनंद वाटतो. 'आज हवा कुंद आहे', 'हवा अगदी पडलीये' असं आपण सहज म्हणतो. तिथे हवामान घालून पाहा, वाक्य लगेच अवघडतं. तेव्हा एखाद्या चित्राखालच्या ओळीत त्या दिवसाबद्दल सांगायचं असेल, तर निःशंक 'हवा' लिहा.

'वातावरण' हा शब्द मी टाळेन. निफाड-दिंडोरीकडचे बागाईतदार 'वातावरण खराब झालंय' म्हणतात तेव्हा त्यांना ढगाळ, दमट दिवस अभिप्रेत असतात. डावणी आणि भुरी हे द्राक्षांवरचे बुरशीचे रोग त्यांच्या डोळ्यांपुढे येतात. पण कलादालनात आलेला माणूस त्याचा अर्थ चित्राचा भाव असाच घेईल.

'आभाळ' मात्र वाया घालवू नका. हा शब्द संस्कृत 'अभ्र'पासून आला आणि अभ्र म्हणजे ढग. आज आपण आभाळ आणि आकाश एकच समजतो, पण 'आभाळ आलंय' या दोन शब्दांत जुना अर्थ जसाच्या तसा जिवंत आहे. आकाश कधी येत नाही, ते असतंच. येतं ते आभाळ. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनंतर द्राक्षपट्ट्यात आभाळ आलं की माणसं आधी वर बघतात आणि मग बागेकडे. तुमच्या गारपिटीच्या चित्राला 'आभाळ आलंय' एवढंच नाव पुरेल, असं मला वाटतं.

आता संपूर्ण प्रदर्शनाचं नाव. 2003 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये ओलाफुर एलियासन या कलावंतानं 'द वेदर प्रोजेक्ट' नावाची कलाकृती उभी केली होती. भल्यामोठ्या दालनात पिवळ्या दिव्यांचं अर्धवर्तुळ, छताला आरसे, त्यामुळे पूर्ण दिसणारा सूर्य आणि हवेत धुकं. लोक जमिनीवर उताणे पडून वर बघत राहायचे. इंग्रजांकडे अनोळखी माणसाशीही बोलणं वेदरवरून सुरू होतं, म्हणून त्या नावात घरगुतीपणा होता. 'हवामान प्रकल्प' म्हटलं की तो सगळा निघून जातो.

आपल्याकडे तो घरगुतीपणा 'पाऊसपाणी' या शब्दात आहे. 'काय दादा, पाऊसपाणी काय म्हणतंय?' असं विचारलं की उत्तरात मिलिमीटर येत नाहीत. पेरणी झाली, विहिरीला पाणी उतरलं, कांदा सडला, पोरीचं लग्न पुढे ढकललं, हे सगळं येतं. गावाकडच्या पत्रांतही 'इकडे पाऊसपाणी बरं आहे' हे वाक्य खुशालीचाच भाग असायचं. थंडी आणि ऊन या शब्दात नावानं नाहीत, ही अडचण खरी. 'ऊनपाऊस' घेतलं तर व्याप्ती वाढते, पण त्याला सुखदुःखाचा रूपकार्थ इतका चिकटला आहे की खरा पाऊस मागे पडतो. माझा कौल पाऊसपाण्यालाच.

आणि पुराच्या चित्रांना शब्द शोधायला तर तुम्हाला गोदाघाटाबाहेर जायचीही गरज नाही. नाशिककर पूर फुटांत किंवा क्युसेकमध्ये सांगत नाहीत, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर सांगतात. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं. 1969 चा पूर पाहिलेली माणसं असोत की 2008, 2016 आणि 2019 चे पूर पाहिलेली मुलं, माप सगळ्यांचं हेच. 'मान' इथेही आहे, फक्त ते एका मूर्तीच्या अंगावर कोरलं गेलंय. एका शिल्पानं शहराच्या बोलण्याला दिलेलं हे माप चित्रकारांनी सोडून देऊ नये. चित्राखाली 'गोदावरीच्या पुराची पातळी' असं लिहिलं असेल तर ते खोडा आणि लिहा : 'पाणी छातीला लागलं.' कुणाच्या छातीला, हे नाशिकमध्ये सांगावं लागत नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी शेजारी मारुतीचं एक छोटं रेखाचित्र लावा.