लाल बटण दाबलं तरी पाणी का येत नाही

तुम्ही लिहिलंय की लोकमान्य नगरातल्या मावशींकडून जुनं अमेरिकन टॉप-लोडिंग मशीन आणलंत. लाल, गुलाबी, निळं अशी तीन बटणं, शेजारी दोन पांढरी, अक्षरं पार पुसलेली. निळं दाबलं की चालतं, लाल दाबलं की नुसतं घुमत बसतं. मेकॅनिक म्हणाला स्विच गेला. मला वाटतं स्विच धडधाकट आहे.

मशीन भिंतीपासून ओढा आणि मागे बघा. पाण्याची दोन तोंडं दिसतील, एक गरम, एक गार. आपल्या इंदुरात गच्चीवरच्या टाकीतून एकच पाइप मशीनला येतो, तो गारला जोडतात आणि गरमचं तोंड तसंच राहतं. निळ्या बटणानं गार पाण्याच्या व्हॉल्व्हची कॉइल, म्हणजे वीज मिळाली की व्हॉल्व्ह उघडणारं तारेचं वेटोळं, चालू होते, लालनं गरमची. कोमटला वेगळा व्हॉल्व्ह नसतो, दोन्ही कॉइल एकदम चालू होतात. लाल दाबल्यावर जे घुमतं ते त्या कॉइलचं घुमणं. व्हॉल्व्ह उघडलेला असतो, पण पाइपच नाही तर पाणी येणार कुठून? आणि टब भरल्याचं प्रेशर स्विच सांगत नाही तोवर मोटर हलत नाही. आमच्या रामबागेतल्या घरी हे कळायच्या आधी मी चांगला व्हॉल्व्ह काढून फेकला होता, म्हणून एवढं ठासून सांगतोय. दोन तोंडांचा वाय-जोड लावून दोन्हीकडे गारच पाणी द्या, म्हणजे कुठलंही बटण दाबलं तरी टब भरेल.

आता गुलाबी, म्हणजे बहुधा कोमटचं बटण. त्याचा रंग मुळात गुलाबीच आहे की विटलेला लाल, हे वरून कळत नाही. लाल रंग उन्हानं लवकर उडतो. बटणाची टोपी हलक्या हातानं उपसा आणि पॅनेलच्या आत लपणारी तिची कड बघा. तिथे ऊन पोचलेलं नसतं, खरा रंग टिकलेला असतो. आमच्या टोपीची कड चक्क टोमॅटोसारखी लाल निघाली, म्हणजे कुणीतरी दुरुस्तीत टोप्यांची अदलाबदल केली होती. त्यामुळे रंगावर विसंबू नका. प्लग काढून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार सलग जोडलेली आहे का ते दाखवणाऱ्या खुणेवर) ठेवा आणि कुठलं बटण कुठल्या कॉइलच्या तारेला जातं ते बघा.

पांढरी दोन कशाची, ते खटक्यावरून ओळखता येतं. एक दाबलं की त्याच गटातलं दुसरं ‘टक्‌’ करून वर येतं. पांढरं दाबल्यावर लाल-निळं जागचं हललं नाही, तर तो वेगळा गट. बहुधा मोटरच्या वेगाचा, नेहमीचे कपडे आणि नाजूक कपडे.

एक गोष्ट मात्र जिवावरची आहे. बटणांचे रंग पाण्याचे, तारांचे रंग विजेचे, ते एकमेकांशी जुळवू नका. अमेरिकन वायरिंगमध्ये काळी तार फेजची आणि पांढरी न्यूट्रलची. आपल्या जुन्या घरांत काळी म्हणजे न्यूट्रल. आपल्या सवयीनं काळीला निर्धास्त हात लावलात तर संपलंच.

ट्रान्सफॉर्मरवर चालवता हे बरं केलंत. पण तो फक्त व्होल्ट उतरवतो, विजेची सेकंदाची आवर्तनं बदलत नाही. तिकडच्या ६० हर्ट्‌झचे आपल्याकडे ५० हर्ट्‌झ झाले ते तसेच राहतात. म्हणून टायमरवरची १० मिनिटं घड्याळात १२ भरतात आणि मिनिटाला १७२५ फेऱ्यांची मोटर १४४०च्या आसपास फिरते, तापते जास्त. ट्रान्सफॉर्मरवर १०० व्होल्टचं टॅपिंग (तेवढे व्होल्ट देणारी वेगळी जोडणी) असेल तर मोटरला तेच सोसतं. धुणं सलग दोनदा लावू नका, मध्ये अर्धा तास थांबा.

पॅनेल उघडाल तेव्हा आत घडी केलेला कागद सापडतो का बघा, कधी मागच्या पत्र्यावर चिकटवलेला असतो. तो वायरिंगचा नकाशा. सापडला तर त्याचा फोटो टाका, पांढऱ्या बटणांचं लगेच सांगतो.