दावा कोणत्या कोर्टात? आधी शेवटचे पान वाचा

प्रश्न : वकीलताई, मी एसटीतून निवृत्त झालो आहे. १ जून २०२० रोजी मावसभावाला चेकने ४,२०,००० रुपये दिले. ३१ मे २०२१ पर्यंत दरसाल १२ टक्के व्याजासह परत करीन, असे त्याने स्टॅम्पपेपरवर लिहून दिले. त्याने पैसे दिले नाहीत, म्हणून जून २०२२ च्या पहिल्या आठवड्यात आमच्या तालुक्याला दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे दावा दाखल केला. कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, त्याने ‘या कोर्टाला हा दावा चालवण्याचा अधिकार नाही’ असे लिहिले आहे. पुरावा अजून सुरू झालेला नाही. आता न्यायाधीशांनी आधी हाच मुद्दा काढला आहे. दावा परत झाला तर मुदत गेली म्हणून माझे पैसे बुडतील का? रात्री झोप लागत नाही.
— एक वाचक, जिल्हा अहिल्यानगर

उत्तर : दादा, आधी झोपा. पैसे बुडालेले नाहीत. पण पुढच्या तारखेपर्यंत काही कामे हातावेगळी करावी लागतील.

वकिलीच्या पहिल्या वर्षी मी दावा दाखल करायला गेले की आमच्या कोर्टातले शिरस्तेदार, म्हणजे दावे तपासून घेणारे कारकून, वादपत्र (दाव्याचा मूळ कागद) हातात घेऊन थेट शेवटचे पान उघडत. मला वाटे, मी इतक्या मेहनतीने लिहिलेली हकीकत हे वाचत का नाहीत? एकदा विचारलेच. ते म्हणाले, “बाई, काय घडलं ते पुढे आहेच. काय मागता ते मागे आहे, आणि कोर्ट ठरतं ते मागण्यावरून.” एकतीस वर्षे झाली, अजून मी प्रत्येक वादपत्र शेवटून वाचते. तुम्हीही तुमचे तसेच वाचा.

तुम्ही पाठवलेल्या नकलेत दाव्याची किंमत ४,२०,००० अशी लिहिली आहे. ती फक्त मुद्दल आहे. शेवटच्या पानावर मात्र १ जून २०२० पासूनचे व्याजही मागितले आहे. वर्षाला ५०,४०० प्रमाणे दोन वर्षांचे १,००,८०० होतात. दावा दाखल करायच्या दिवसापर्यंतचे व्याज किमतीत धरावेच लागते. म्हणजे तुमची खरी मागणी ५,२०,८०० ची आहे. महाराष्ट्रात कनिष्ठ स्तराची मर्यादा ५ लाखांची. त्यावरचा दावा वरिष्ठ स्तराकडे जातो आणि तिथे रकमेला वरची मर्यादा नाही. भावाच्या वकिलाने नेमके हेच हेरले. हरकत कैफियतीतच, वेळेवर घेतली आहे, त्यामुळे ती ऐकावी लागणार. हीच हरकत कोर्टाने वादाचे मुद्दे ठरवून झाल्यावर, निकाल विरुद्ध गेल्यावर अपिलात पहिल्यांदा घेतली असती तर सहसा टिकली नसती. १९५४ साली किरणसिंग विरुद्ध चमन पासवान या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूल्यांकन चुकल्यामुळे निकालावर प्रत्यक्ष विपरीत परिणाम झाला असेल, तरच वरचे न्यायालय त्यात हात घालेल.

ठिकाणाबद्दलची त्याची दुसरी तक्रार, ‘मी नाशिकला राहतो, दावा तिथे लावा’, मला कच्ची वाटते. प्रतिवादी राहतो तिथे दावा लावता येतो, तसा दाव्याचे कारण पूर्णतः किंवा अंशतः जिथे घडले तिथेही लावता येतो. पैसे तुमच्या तालुक्यातल्या बँकेतून गेले, करार तिथेच झाला. तालुका बरोबर आहे, चुकली आहे ती फक्त पायरी.

आता दावा लावायच्या मुदतीचे. ३१ मे २०२१ पासून तीन वर्षे, म्हणजे ३१ मे २०२४. तुम्ही दावा लावला तेव्हा त्यातली जवळजवळ दोन वर्षे शिल्लक होती. मुदत कायदा १९६३ चे कलम १४ सांगते की, अधिकार नसलेल्या कोर्टात माणूस सद्भावनेने आणि दक्षतेने दावा चालवत असेल, तर तो काळ मुदतीतून वगळायचा. म्हणजे ती शिल्लक तुमच्या हातात राहते. ‘दक्षतेने’ हा शब्द मात्र हलका घेऊ नका. समोरचा म्हणणारच की साधी बेरीज चुकली, यात कसली काळजी घेतली? म्हणून रोजनाम्याच्या, म्हणजे दर तारखेला कोर्टात काय झाले त्या नोंदीच्या, प्रमाणित नकला आजच मागा. तुम्ही तारखेला हजर होता, उगाच पुढच्या तारखा मागितल्या नाहीत, हे त्यातून दिसले पाहिजे. आणि वर्ष-दोन वर्षे शिल्लक आहेत म्हणून आठवडाभरही थांबू नका.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत.

पहिली, कोर्टाने परत केलेला दावा घेऊन वरिष्ठ स्तराकडे जाणे. दावा परत करणे म्हणजे फेटाळणे नव्हे, हे घरी सगळ्यांना समजावून सांगा. त्या शब्दाने घाबरून खटला सोडून दिलेली माणसे मी पाहिली आहेत. कोर्टाने परत करायचे ठरवले की लगेच वकिलांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम १०-अ खाली अर्ज द्यायला सांगा. त्यात कोणत्या कोर्टात जाणार ते लिहायचे आणि तिथली हजेरीची तारीख इथेच नेमून मागायची. तसे झाले तर नाशिकला पुन्हा समन्स पाठवा, बेलीफ रिकाम्या हाताने आला, पत्ता सापडला नाही, हा सगळा फेरा वाचतो. मात्र हा अर्ज मंजूर झाला की परतीच्या हुकमावर अपील करता येत नाही, हे समजून सही करा. नव्या कोर्टात दावा पहिल्यापासून चालतो. तुमचा पुरावाच सुरू नसल्यामुळे त्यात फारसे नुकसान नाही.

दुसरी वाट फार थोडे पक्षकार विचारतात. कोर्टाच्या अधिकारात बसावे म्हणून मागणीचा काही भाग सोडून देण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे, आदेश २, नियम २ मध्ये. तुम्ही २०,८०० रुपये सोडले तर मागणी बरोबर ५ लाख होते आणि कनिष्ठ स्तरात बसते. दावा दाखल झाल्यानंतरचे व्याज या किमतीत धरत नाहीत, ते तुम्ही मागू शकता, देणे कोर्टाच्या हातात. सोडलेली रक्कम मात्र कायमची गेली, तिच्यासाठी पुन्हा दावा लावता येत नाही. आणि हरकत आल्यानंतर अशी दुरुस्ती न्यायालय मंजूर करीलच असे धरून चालू नका. अर्ज परतीचा हुकूम होण्याआधी गेला पाहिजे.

मला विचाराल तर, वरिष्ठ स्तराचे कोर्ट तुमच्याच तालुक्याला, त्याच आवारात असेल तर एक रुपयाही सोडू नका, पहिली वाट धरा. ते जिल्ह्याच्या गावी असेल आणि दर तारखेला एसटीने दिवस मोडणार असेल, तर २०,८०० चा मोह सोडा. तुमच्या वयाला आणि गुडघ्यांना ते स्वस्त पडेल.

प्रश्न : माझ्या वडिलांची शेती दोन शेजारशेजारच्या तालुक्यांत आहे, बाजारभावाने ८० लाखांची. भाऊ हिस्सा देत नाहीत. मी पुण्याला राहते. दावा पुण्यात लावता येईल का? आणि एवढी मोठी रक्कम तालुक्याचे कोर्ट ऐकेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, पुण्यात नाही. स्थावर मिळकतीचा दावा मिळकत असेल तिथेच लावायचा, मग वारस कुठेही राहोत. जमीन दोन कोर्टांच्या हद्दीत असली तर त्यांपैकी कोणत्याही एकात सगळ्या जमिनीचा एकच दावा चालतो. दोन लावू नका.

८० लाखांचा आकडा पाहून कोर्ट ठरवू नका. शेतजमिनीचे मूल्य दाव्यासाठी बहुधा बाजारभावाने नव्हे, सातबाऱ्यावरच्या आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ठरावीक पटीने काढतात. ते आश्चर्य वाटण्याइतके कमी भरते. त्यामुळे लाखोंची शेती कनिष्ठ स्तरासमोर चालताना दिसते. पण वाटपात गावचे घर घातले की त्याचे मूल्य बाजारभावाने धरावे लागते आणि तेवढ्यानेही पायरी बदलू शकते. म्हणून घराचा उतारा आणि सगळे सातबारे घेऊनच वकिलांकडे जा.

आणखी एक. हुकूमनामा झाला तरी शेतसारा भरणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष सरस-निरस वाटप, म्हणजे जमिनीचा कस पाहून वाटणी, दिवाणी कोर्ट करत नाही, ते काम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. तुमच्या हिश्शाच्या हक्काबद्दल मनात किंतू ठेवू नका. वडील २००५ पूर्वी वारले असले, तरी वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा जन्मतः हक्क आहे, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप झालेले असेल तर मात्र गोष्ट वेगळी, ते तपासा.

प्रश्न : शेजाऱ्याने वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकला. दिवाणी दावा लावू का?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : आधी तहसीलदारांकडे जा. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अडवलेला वहिवाटीचा रस्ता खुला करून मागता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. नांगर कोणत्या दिवशी घातला ती तारीख आजच लिहून ठेवा आणि त्या बांधाचे फोटो काढा. सहा महिने उलटले असतील तर मनाई हुकमासाठी कनिष्ठ स्तराचे दिवाणी कोर्ट आहे. तिथे वहिवाट जुनी असल्याचे साक्षीदार लागतील, शक्यतो ज्यांचे शेत त्याच रस्त्यावर पुढे आहे असे.